दिवाणी, फौजदारी आणि मधली खाडी

‘हे सिव्हिल मॅटर आहे. आमच्याकडे काही होणार नाही. कोर्टात जा.’

वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हे वाक्य पोलीस ठाण्यात कधी ना कधी ऐकलेलं असतं. स्वतःच्या कामासाठी नाही, तर शेजाऱ्याच्या. कुणाचं डिपॉझिट बुडालेलं असतं, कुणाला विकलेला फ्लॅट आधीच दुसऱ्याला विकलेला असतो, कुणाच्या वाडीकडे जाणारी वाट पत्रे ठोकून बंद केलेली असते. माझ्या मावशीला हे वाक्य ऐकवलं गेलं, तेव्हा तिनं साधा प्रश्न विचारला होता, ‘पैसे घेतले, घर दिलं नाही. मग ही चोरी नाही का?’ एजंट गायब होता. मावशीच्या भाषेत ती चोरी, समोरच्या हवालदारांच्या भाषेत ते सिव्हिल. मावशीचे पैसे पुढे आले नाहीतच, पण तिचा प्रश्न माझ्याकडे राहिला. चोरी आणि सिव्हिल यांच्यामधली ही रेघ मारली कुणी? आणि कधी?

कोर्टात गेलं की ही रेघ आधी दिसत नाही. तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशांच्या नावाखाली दोन पदं एकत्र लिहिलेली असतात: ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’ आणि ‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’. माणूस एकच, खुर्ची एकच. सकाळी मोबाइलचोरीतल्या साक्षीदाराचा जबाब होतो आणि दुपारी त्याच खोलीत दोन भावांच्या वाटणीचा दावा चालतो. वरच्या पायरीवरही तेच: ‘जिल्हा न्यायाधीश’ आणि ‘सत्र न्यायाधीश’. बाकावर बसून पाहणाऱ्याला वाटतं, सगळी एकच ‘केस’. आपण बोलतोही तसंच, ‘त्यानं केस टाकली’.

पण पुकारा नीट ऐकला तर फरक कळतो. दिवाणी दाव्यात दोन माणसांची नावं असतात, वादी आणि प्रतिवादी. फौजदारी खटल्यात एका बाजूला महाराष्ट्र शासन असतं. ज्याचं नुकसान झालं तो तिथं पक्षकार नसतो, फिर्यादी म्हणून त्याची साक्ष होते आणि तो घरी जातो. दिवाणीत आधी कोर्ट फी भरायची, फौजदारीत सरकारी वकील फुकट. दिवाणीत पुराव्याचं पारडं जिकडे जरासं अधिक झुकेल तो जिंकतो. फौजदारीत वाजवी शंका उरली तरी आरोपी सुटतो. दिवाणीचा शेवट हुकूमनाम्यात होतो, आणि त्या हुकूमनाम्याची बजावणी करून घेण्यासाठी पुन्हा वेगळी दरखास्त लावावी लागते. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचं निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलनं १८७२ मध्येच नोंदवलं होतं. त्याला दीडशे वर्षं उलटली. बेलिफाच्या मागे फिरणाऱ्या कुणालाही विचारा.

हे दोन शब्द मुळात कायद्याचे नाहीत, अधिकाऱ्यांचे आहेत. मुघल अमलात सुभ्याचा महसूल दिवाणाकडे आणि बंदोबस्त फौजदाराकडे. पैसा आणि जमीन यांचे तंटे दिवाणाच्या दारात, मारामारी आणि दरोडे फौजदाराच्या. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली आणि १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं तिथं जिल्ह्याजिल्ह्यात दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशी दोन कोर्टं उघडली. दोन अधिकाऱ्यांच्या कामाची ती वाटणी होती. गुन्हा म्हणजे काय आणि तंटा म्हणजे काय, याचा तात्त्विक खल नंतर झाला.

आपल्याकडे मात्र तेव्हा ही वाटणी नव्हती.

वसईत पोर्तुगीज १५३४ मध्ये आले. त्यांचा ओव्हिदोर नावाचा न्यायाधीश इथं बसे आणि अपिलं गोव्याला जात. धर्माच्या नावानं चालणारी चौकशी त्याहून वेगळी. त्या काळाबद्दल किल्ल्यातल्या पडक्या भिंती बघून खूप काही बोललं जातं, मी त्यात शिरत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, शंकराजी केशव फडके वसईचे सरसुभेदार झाले, आणि इथल्या माणसाच्या तंट्याला मराठी कागदाचं वळण लागलं.

हे वळण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं. मराठेशाहीतला न्याय म्हटलं की आपल्याला रामशास्त्री आठवतात, नारायणरावाचा खून आठवतो. पण त्या काळाचे न्यायनिवाड्याचे जे कागद उरलेत, त्यांतला मोठा भाग खुनाचा नाहीच. तो वतनाचा आहे. पाटीलकी कुणाची, जोशीपण कुणाचं, शेताचा बांध कुठून. वाद गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे जाई. बसण्याआधी दोन्ही पक्षांकडून लेखी घेतलं जाई की पंच जे सांगतील ते मान्य करू. या कागदाचं नाव राजीनामा. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तेव्हा तो राजी असल्याचा कागद होता. निकाल लागला की हरलेल्यानं येजितखत लिहून द्यायचं, म्हणजे माझा दावा खोटा ठरला असं आपल्या हातानं कबूल करायचं. आजच्या कोर्टात हरलेला माणूस पायऱ्या उतरताना अपिलाची तारीख विचारतो. तेव्हा त्याच्याकडून पराभवावर सही घेतली जाई.

आणि मग पैसे. जिंकलेला सरकारात हरकी भरे. हर्ष झाला, त्याची ती रक्कम. हरलेला जी रक्कम भरे, तिचं नाव होतं गुन्हेगारी.

हा शब्द पहिल्यांदा या अर्थानं वाचला तेव्हा मी थांबलो. बांधाच्या भांडणात हरलेला शेतकरी, त्यानं कुणाला मारलं नाही, काही चोरलं नाही. तरी तो गुन्हेगार आणि त्यानं भरायची ती गुन्हेगारी. खोटा दावा लावून गोताला आणि सरकारला तसदी देणं हाच गुन्हा. दिवाणी तंट्याच्या टोकाला दंड शिवलेलाच होता. कागदपत्रं आणि साक्षी कमी पडल्या तर दिव्य करावं लागे. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपात हात घालून धातूचा तुकडा बाहेर काढायचा, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करायची आणि दिवस मोजून ती उघडायची. हात भाजला नसेल तर वतन तुमचं. आज ज्याला आपण निव्वळ सिव्हिल मॅटर म्हणू, त्यासाठी.

कर्जाचं तर आणखी वेगळं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशवाईच्या जिंकलेल्या मुलखावर १८१९ मध्ये अहवाल लिहिला, त्यात तो तगाद्याचं वर्णन करतो. सावकार कोर्टात जातच नसे. आधी विनवणी, मग शिव्या, मग दारात धरणं, मग ऋणको जेवायला बसला तर त्याला जेवू न देणं, आणि शेवटी उन्हात डोक्यावर दगड देऊन उभं करणं. या सगळ्याला चाकोरी होती, पायऱ्या होत्या, आणि सरकारची हरकत नव्हती. एल्फिन्स्टनला या प्रकाराचं आश्चर्य वाटतं, पण पंचायतीबद्दल तो आदरानं लिहितो, तिचे दोष मोजूनही. मला त्याचा तो अहवाल त्यामुळेच विश्वासाचा वाटतो; जिंकणाऱ्याच्या हातून असं लिहिलं जाणं रोजचं नाही.

आता खाडीकडे या. लोकल भाईंदर सोडते आणि नायगावला पोहोचते, मध्ये वसईची खाडी. दारात उभं राहिलं तर वारा अंगावर येतो आणि गाडीतला अर्धा डबा फोटो काढतो. या दोन किनाऱ्यांवर एके काळी दोन न्याय होते. भाईंदरचा किनारा साष्टीचा. साष्टी १७७४ पासून इंग्रजांकडे, आणि १७९९ मध्ये कंपनीनं साष्टीसाठी ठाण्यात अदालत उघडली. नायगाव-वसईचा किनारा पेशव्यांचा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला तो याच वसईत, पण वसईचा मुलूख त्यानंतरही पेशव्यांकडेच होता. १८१७ च्या पुण्याच्या तहात उत्तर कोकण गेलं तेव्हा वसईही गेली. म्हणजे जवळपास अठरा वर्षं, होडीनं खाडी ओलांडली की हरलेला माणूस गुन्हेगारचा प्रतिवादी होत असे, आणि परत आला की पुन्हा गुन्हेगार.

१ जानेवारी १८२७ ला मुंबई इलाख्यासाठी जे रेग्युलेशन्स आले, त्यांना एल्फिन्स्टन कोड म्हणतात. त्यांत दिवाणी कोर्टांची रचना एका रेग्युलेशनमध्ये, फौजदारी कोर्टांची दुसऱ्यात, आणि गुन्हे कोणते व शिक्षा काय याची यादी आणखी वेगळ्या रेग्युलेशनमध्ये. माझ्या मावशीपुढे जी रेघ आली, ती आपल्या मुलखात कागदावर ठळक झाली ती इथं. पुढं १८५९ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता आली, १८६० मध्ये दंड संहिता, १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता, आणि १८६२ मध्ये मुंबईचं उच्च न्यायालय. तीन-चार वर्षांत सगळी चौकट उभी राहिली. २०२४ च्या १ जुलैला नावं आणि कलमांचे आकडे बदलले, फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८ आलं, पण दोन खोल्यांची ही चौकट तशीच आहे.

या रेघेनं दिलेलं मोठं आहे, ते आधी मान्य केलं पाहिजे. दावा हरणं हा गुन्हा राहिला नाही. हरलेल्यानं खर्च द्यावा, पण त्याची पत जाऊ नये. उकळतं तेल गेलं. उन्हातला दगड गेला. ज्याच्याकडे गमावण्यासारखं थोडंच आहे, तो बलाढ्य माणसाविरुद्ध दावा लावू शकतो, कारण हरला तरी त्याला गुन्हेगार म्हणणार नाहीत.

पण नवी दिवाणी अदालत गरिबाच्या बाजूची होती असं समजू नका. तगाद्यात सावकाराला निदान दारात बसावं लागे, गाव बघत असे. अदालतीत तो फक्त रोखा दाखवी. अंगठा तुमचा, आकडा त्याचा, तुम्ही तारखेला हजर नाही, हुकूमनामा एकतर्फी. घाटावर १८७५ मध्ये याचा भडका उडाला. मे महिन्यात पुण्याजवळच्या सुप्यात शेतकरी जमले आणि पुणे-नगर भागात गावोगाव सावकारांच्या घरावर गेले. त्यांना हवे होते ते कागद. रोखे, हुकूमनामे, खतं. ते मिळाले की जाळायचे. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर थांबायचे. दिवाणी कागद जाळणाऱ्यांना सरकारनं पकडलं ते फौजदारी कायद्याखाली. नंतर आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी दिलासा कायदा झाला. त्यानं दोन गोष्टी केल्या. न्यायाधीशानं रोख्यावरचा आकडा डोळे मिटून मानायचा नाही, मागचा सगळा हिशेब उघडायचा. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करायची नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

अटक? दिवाणी दाव्यात? होय, तशी ती आजही कायद्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत पैसे न देणाऱ्याला दिवाणी कैदेत ठेवता येतं, पाच हजारांहून मोठ्या रकमेसाठी जास्तीत जास्त तीन महिने. गंमत अशी की त्याच्या जेवणाचा भत्ता घेणेकऱ्यानंच भरायचा. तो थांबला की कैदी सुटला. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलं की केवळ गरिबीमुळे फेडता येत नाही म्हणून कुणाला आत टाकता येणार नाही. ऐपत असून टाळतोय हे दाखवावं लागेल.

रेघ अशी सारखी पुसट होत राहते. १९८९ पासून चेक न वटणं हा गुन्हा झाला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुपटीपर्यंत दंड. आज दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात बसलात तर या खटल्यांच्या फायलींचे गठ्ठे दिसतील. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या या माणसाकडून कुणालाच त्याला तुरुंगात बघायचं नसतं, पैसे हवे असतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की हा खटला म्हणजे फौजदारी लांडग्याचं कातडं पांघरलेलं दिवाणी मेंढरू. तगाद्याचाच नवा अवतार, फक्त उन्हातल्या दगडाऐवजी समन्स आणि वॉरंट.

उलट्या बाजूनंही हेच होतं. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, म्हणून लोक पोलिसांकडे जातात आणि साध्या देण्याघेण्याला फसवणुकीचा रंग देतात. २००६ मध्ये इंडियन ऑइलच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं या प्रवृत्तीवर नाराजी व्यक्त केली. पण त्याच निकालाचा दुसरा भाग पोलीस ठाण्यात कुणी सांगत नाही: एकाच व्यवहारातून दिवाणी दावा आणि फौजदारी गुन्हा दोन्ही उभे राहू शकतात, आणि एक आहे म्हणून दुसरा बंद होत नाही. कराराच्या सुरुवातीपासूनच मनात फसवायचं होतं का, एवढा प्रश्न. होतं, तर ते सिव्हिल मॅटर आहेच, आणि गुन्हाही आहे. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं, तेही उशिरा.

मग नालासोपारा. पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरात ४१ इमारती होत्या. जमीन दुसऱ्याची, त्यातली काही सांडपाणी प्रकल्प आणि कचरा डेपोसाठी राखीव. बांधकाम परवानगीचे कागद बनावट. लोकांनी कर्ज काढून, दागिने मोडून घरं घेतली. त्यांच्याकडे करार होते, वीजबिलं होती, घरपट्टीच्या पावत्या होत्या. जमिनीचा मालक उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२४ मध्ये न्यायालयानं इमारती पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. नोव्हेंबरमध्ये सात पडल्या, उरलेल्या ३४ जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर होत्या.

या एकाच गोष्टीचे किती तुकडे झाले ते बघा. जमिनीचा मालक रिट याचिकेत जिंकला. बांधणाऱ्यांवर फौजदारी गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, पुढे ईडीनंही तपास हाती घेतला. त्या खटल्यांची नावं ‘शासन विरुद्ध’ अशीच असतील. घर गेलेला माणूस मात्र पहिल्या प्रकरणात अनधिकृत रहिवासी आणि दुसऱ्यात साक्षीदार. वादी तो कुठेच नाही. वादी व्हायचं तर त्यानं स्वतः तिसरीकडे जायचं, स्वतःच्या खर्चानं.

महाराष्ट्रात ही फट बुजवायचा प्रयत्न १९६३ मध्येच झाला होता. त्या वर्षीच्या मोफा कायद्यानं, म्हणजे सदनिका मालकी कायद्यानं, बिल्डरवर कागद दाखवण्याची, नोंदणीकृत करार करण्याची, वेळेत सोसायटी करून जमीन नावावर करून देण्याची बंधनं घातली. ती मोडली तर तीन वर्षांपर्यंत कैद. दिवाणी कर्तव्याला फौजदारी दंड शिवलेला, जवळजवळ हरकी-गुन्हेगारीच्या धर्तीचा. २०१७ पासून महारेराही आहे. फौजदारी कोर्टालाही दंडाच्या रकमेतून, किंवा वेगळी, भरपाई देववता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३९५. पण भरपाई येते ती शिक्षा सुनावताना, आणि शिक्षा होते ती खटला संपल्यावर.

आणि इथं एक गोष्ट आहे जी मी माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला सांगत सुटलोय. आपल्याकडे लोक म्हणतात, ‘आधी त्याला आत जाऊ दे, मग पैशाचं बघू.’ अग्रवाल नगरीतल्या एका कुटुंबाच्या तोंडूनही मी अगदी हेच ऐकलं. फौजदारी खटला चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही. पैसे परत मागण्याच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षं मिळतात. फसवणूक असेल तर ती उघड झाली तेव्हापासून मोजायची. नोटीस आली तो दिवस धरायचा, निकालाचा धरायचा की बुलडोझर आला तो, यावर वकील भांडतील. पण निकालाचा दिवस धरला, तर ती तीन वर्षं जुलै २०२७ मध्ये संपतात. फौजदारी खटल्यात तोवर दोषारोप निश्चित झाले असतील तरी पुष्कळ.